सुपातले खडे आणि पेशीतले विकर

भंडारा जिल्ह्यातील घरांत आधण ठेवण्यापूर्वी सुपात तांदूळ निवडला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला मानवी पेशीतील एमटीएच-1 या विकराचे कार्य समजण्यास अडचण पडू नये. आणि तरीही ते बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती करते, असा पहिला गैरसमज आढळतो. दुरुस्तीची विकरे निराळी. शिजल्या भातातून खडा काढावा तसे ती डीएनएच्या साखळीतले सदोष अक्षर काढतात. एमटीएच-1 मात्र डीएनए रचण्यासाठी जमविलेल्या न्यूक्लिओटाइडांच्या साठ्यातच, म्हणजे सुपातच, खडा वेचते.

हे खडे केवळ धूर आणि तंबाखू यांतून येतात, हाही समज अपुरा आहे. भंडाऱ्याचे पितळी भांडे फडताळात नुसते ठेवले तरी हवेने काळवंडते; तद्वत पेशीच्या नित्य श्वसनातच प्राणवायूचे क्रियाशील रेणू उत्पन्न होऊन ग्वानीन या अक्षरावर आघात करतात, आणि तेथे सिद्ध होणारे 8-ऑक्सो-ग्वानीन सायटोसीनखेरीज अ‍ॅडेनीनशीही जोडी जमवीत असल्यामुळे, ते डीएनएत दाखल झाले की पुढच्या नकलेत चूक कायम होऊ शकते.

अवघ्या 156 अमिनो आम्लांच्या या प्रथिनात मध्ये बीटा-पट्ट व दोहों बाजूंस अल्फा-सर्पिले असून, त्यातील 23 अमिनो आम्लांचा ‘नुडिक्स’ हा क्रम मॅग्नेशियमच्या साहाय्याने सदोष न्यूक्लिओटाइडाचे त्रिफॉस्फेट तोडतो. पायरोफॉस्फेट सुटते आणि उरलेल्या मोनोफॉस्फेटाला डीएनएत थेट प्रवेश राहत नाही. खोट्या अक्षराची रुजुवात 119 व 120 क्रमांकांची दोन अ‍ॅस्पार्टेटे करतात. प्रोटॉनची जागा बदलून तीच दोघे ऑक्सिडीभूत ग्वानीनही ओळखतात आणि ऑक्सिडीभूत अ‍ॅडेनीनही, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

एका अक्षराची चूक म्हटली की पूर्व विदर्भात सिकलसेलची आठवण होते. परंतु हिमोग्लोबिनच्या जनुकातील तो बदल मातापित्यांकडून आलेला असतो. रुग्णाचे एमटीएच-1 दुबळे, असे मानण्यास आधार नाही.

खडे वेचणारे हे विकरच बंद केले की कर्कपेशींत सदोष अक्षरे साचून कर्करोग हटेल, ही आशा 2014 मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने जागविली. पुढे 2016 पर्यंत अन्य प्रयोगशाळांनी निराळी, प्रभावी रोधके वापरली, तेव्हा विकर थांबूनही कर्कपेशी जगत राहिल्या. आणि ज्या उंदरांतून या विकराचा जनुकच काढून टाकला होता, ते जगले खरे, पण त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत व जठरात गाठी अधिक आढळल्या.