चषकापासून पाच गोलांपर्यंत: मुंबई सिटीचं काय बिनसलं?

4 मे 2024. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 हरवून आपण इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा चषक उचलला. त्यानंतर वर्षही उलटलं नाही आणि 29 मार्च 2025 ला बंगळुरूने बाद फेरीत आपल्याला 5-0 ने धुतलं. वसईत घरी बसून तो सामना पाहताना फार लागलं मनाला.

माझ्या मते घसरणीचं मूळ संघबांधणीत आहे. चषक जिंकल्यावर आपुईया मोहन बागानला गेला. कर्णधार राहुल भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ हे तिघे बंगळुरूला गेले. म्हणजे बचाव, मधली फळी आणि आक्रमण, तिन्हीकडचा कणा एकदम निघाला. त्या 5-0 मधला शेवटचा गोल डियाझचाच होता!

आकडे बघा. 2022-23 मध्ये साखळीत 20 सामन्यांत 54 गोल, सलग 18 सामने अपराजित. 2024-25 मध्ये 24 सामन्यांत जेमतेम 29 गोल आणि सहावा क्रमांक.

पण 2021-22 मध्येही आपण पाचवे येऊन बाहेर पडलो होतो आणि पुढच्याच मोसमात साखळीत अव्वल येऊन लीग शील्ड जिंकली होती. हा संघ पडून उठणारा आहे.

वसई-विरारकरांनो, लोकल पकडा आणि अंधेरीच्या मैदानावर या. संघाला आपल्या आवाजाची खरी गरज आत्ताच आहे.