चाकांवरचं घर आणि घासणारे जॅक

डबलसीट जाताना स्पीडब्रेकरवर बाइकचा स्टँड ‘खर्रर्र’ करतो, तो आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. अमेरिकेत हाच आवाज काही लोकांना चक्क आपल्या घराखालून ऐकू येतो! गाडीच्या मागे जोडून न्यायच्या या घराला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर. वॉली बायम यांची एअरस्ट्रीम कंपनी १९३१ साली सुरू झाली, आणि इंडियानातलं एल्कहार्ट शहर म्हणजे या धंद्याचं माहेरघर.

मुक्कामाला थांबल्यावर आत कोणी चाललं तरी टायर आणि स्प्रिंगमुळे हे घर डुलतं. म्हणून चारही कोपऱ्यांत स्टॅबिलायझर जॅक खाली सोडतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची: हे जॅक घर उचलायला नाहीत, फक्त डुलणं थांबवायला आहेत. लेव्हल आधी करायची. डावं-उजवं चाकाखाली फळ्या घालून, पुढचं-मागचं पुढच्या दांडीवरच्या जॅकने. कोपऱ्यातल्या जॅकवर सगळं वजन टाकलं तर चॅसिस वाकू शकते.

आता घासण्याचं कारण बघू. ट्रेलरची चाकं मधल्या भागात, आणि मागचे जॅक त्यांच्यापासून बरेच लांब. चढाच्या तोंडाशी चाकं वर चढायला लागली की शेपटी खाली जाते. किती चढ चालेल हे ठरवणाऱ्या कोनाला डिपार्चर अँगल म्हणतात. गणित शाळेतलंच आहे: जॅकची जमिनीपासून उंची भागिले चाकापासूनचं अंतर म्हणजे कोनाचा टॅन.

समजा उंची ३० सेंटीमीटर आणि अंतर ३ मीटर. टॅन ०.१, म्हणजे कोन साधारण ५.७ अंश. जॅक ७.५ सेंटीमीटर वर बसवला तर टॅन ०.१२५, कोन ७.१ अंश. पण गंमत अशी की उंची तीच ठेवून जॅक ६० सेंटीमीटर चाकाकडे सरकवला, तरी उत्तर तेवढंच येतं!

मग सोपं कुठलं? माझ्या मते आधी बिनखर्चाचे उपाय करावेत. जॅक पूर्ण मिटतोय का ते बघा. स्क्रूमध्ये माती किंवा गंज असेल तर तो अर्धवट लटकत राहतो. मग ट्रेलर सपाट उभा राहतो का ते बघा. पुढचा जोड उंच असेल तर शेपटी आपोआप खाली बसते, तेव्हा जोडाचा बॉल खाली घ्यायचा. एवढं करूनही भागलं नाही तरच जॅकची जागा बदला.

पण फुकट काहीच मिळत नाही. जॅक आत सरकवले की आधाराचे पाय जवळ येतात आणि घर जास्त डुलतं. वर बसवले की मुक्कामाला ते जास्त उघडावे लागतात, आणि फार उघडलेला जॅक उंच स्टुलासारखा डगमगतो. त्यावर इलाज म्हणजे खाली जाड लाकडी ठोकळा. शिवाय जॅक वर गेल्यावर आता सगळ्यात खाली काय आहे तेही मोजा. नाहीतर जॅक वाचेल आणि सांडपाण्याचा पाइप तुटेल!

शेवटचं काम मिनिटभराचं. निघण्याआधी ट्रेलरभोवती एक फेरी मारून चारही जॅक वर आहेत ना, ते डोळ्यांनी बघायचं. खाली राहिलेला एक जॅक रस्त्यात तुटून मागच्या गाडीवर गेला, तर तिथे कुठलाच फॉर्म्युला कामाला येत नाही.