चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते तिला आपण धाव म्हणतो. जुन्नर-आंबेगावात आज चाळिशीच्या आतल्या माणसाने धाव चढवताना पाहिली असेल असे मला वाटत नाही. मी पाहिली आहे, कारण शाळेला सुट्टी असली की घोडकाठच्या आमच्या गावात लोहाराचा भाता ओढणे हे माझे काम असे. आज बैलगाडीला रबरी टायर आला, रीम आली. पण चाकाला बाहेरून वेढा घालणारी वस्तू कशी निवडावी आणि कशी बसवावी हा प्रश्न तोच राहिला आहे. तो चुकला तर दंड भरतो बैल, आणि त्याच्या मागोमाग गाडीवान.

लाकडी चाकाचे भाग थोडे. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वाकडे लाकडी तुकडे, ज्यांना पाटे म्हणतात. एका पाट्यात साधारणपणे दोन आरे बसतात. लाकूड बहुधा बाभळीचे. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना तिवसही मिळत असे. सुताराने हे सारे कितीही नेटके बसवले तरी ते चाक नव्हे, चाकाचा सांगाडा. त्याला चाकपण येते ते धावेमुळे. धाव ही लाकूड झिजू नये म्हणून लावलेली वहाण आहे, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. तिचे मोठे काम आवळण्याचे आहे. ती चारी बाजूंनी दाबते म्हणून पाटे एकमेकांवर रेटतात, आरे तुंब्यात घुसून बसतात आणि सगळ्या लाकडी तुकड्यांचा एक जीव होतो. खिळे मारले तरी ते केवळ सोबतीला.

हे आवळणे साधते कसे? समजा, चाक चार फूट व्यासाचे आहे. त्याचा घेर भरतो सुमारे १५१ इंच. लोहार चकती किंवा दोरी फिरवून हा घेर मोजी आणि पट्टी मुद्दाम थोडी तोकडी ठेवून तिची टोके भट्टीत तापवून घणाने एकजीव करी. थंड असताना ही कडी चाकावर जाणेच शक्य नसते. मग ती जमिनीवर आडवी ठेवायची, वरखाली गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचे. लोखंड एका अंशाने तापले की लांबीच्या दहा लाखात सुमारे बारा भाग वाढते. सहाशे अंशांनी तापवले तर १५१ इंचांची धाव इंचाहून थोडी अधिक वाढते. तोकडेपणा ठेवायचा तो या एका इंचाच्या आत. कमी ठेवला तर धाव सैल. जास्त ठेवला तर ती चढतच नाही, किंवा चढून निवताना आरे वाकवते, नाही तर स्वतःच सांध्यावर तुटते. आमच्या लोहाराला अंशांचे गणित ठाऊक नव्हते. तो लोखंडाचा रंग पाही आणि कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यात तोडलेले लाकूड आहे ते विचारी. लाल झालेली कडी चौघे जण सांडशींनी उचलून चाकावर टाकत, हातोड्यांनी ठोकून बसवत आणि लगेच पाणी ओतत. वाफेच्या लोटात आरे कडकड वाजू लागत. तो आवाज थांबला की काम झाले असे समजायचे. या कामाचे मोल वर्षाच्या बलुत्यात जमा. निराळी पावती नव्हती.

लाकूड मात्र जिवंत असल्यासारखे वागते. चैत्र-वैशाखात ते आक्रसते आणि धाव खुळखुळू लागते. तेव्हा कुकडीत, मीनेत, घोडेत चाके पाण्यात ठेवत; लाकूड फुगून पुन्हा घट्ट होई. गाडीवानाला रोग आणि औषध दोन्ही ठाऊक होते, आणि औषध फुकट होते.

आता रबराकडे येऊ. हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या थॉमसनने १८४५ साली पेटंटात मांडली. ती विसरली गेली आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या सायकलीसाठी पुन्हा शोधली. त्याचे नाव आपल्याकडे इतके रुजले की टायरच्या बैलगाडीला जुनी माणसे अजून डनलॉप गाडी म्हणतात. त्यातला फायदा हिशेबाने पाहा. एका चाकावर हजार किलो भार आहे असे धरू. पाच सेंटिमीटर रुंदीची लोखंडी धाव पक्क्या रस्त्याला टेकते ती फार तर दोन-तीन सेंटिमीटर लांबीत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सत्तर ते शंभर किलो दाब. चाळीस पौंड हवेचा टायर तेवढाच भार साडेतीनशे चौरस सेंटिमीटरांवर पसरतो. दाब येतो तीन किलोच्या आत. म्हणून रस्ता फुटत नाही, माती रुतत नाही आणि खड्ड्याचा हादरा जुवापर्यंत पोहोचत नाही.

टायर घेताना कडेवरचा आकडा वाचावा. ८.००-१९ याचा अर्थ टायर आठ इंच रुंद आणि रीम एकोणीस इंच व्यासाची. बैलगाडीचे टायर या जातीचे असतात; जीपचा जुना ६.००-१६ हा निराळा. दोन्ही बाजूंना दोन आकडे, किंवा एक नवा आणि एक गुळगुळीत असा जोड लावला की गाडी एका अंगाला कलते आणि त्या अंगाचा बैल दिवसभर जास्त ओढतो. बसवताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी, तीत थोडी हवा भरून मग आत घालावी, आणि टायरची कड व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने चढवीत व्हॉल्वपाशी संपवावी. कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली तर टायर नीट बसला. रीम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असेल तर पूर्ण हवा काढल्याशिवाय बोल्टाला हात लावू नये. आत हवा असताना सुटलेली रीम तोफेच्या गोळ्यासारखी उडते.

आणखी एक गोष्ट टायरवाला सांगत नाही. चार फुटी चाकाचा आस जमिनीपासून दोन फुटांवर असतो. ८.००-१९ चा टायर बाहेरून सुमारे पस्तीस इंच; त्याचा आस साडेसतरा इंचांवर येतो. जुन्या गाडीला नुसती टायरची चाके लावली तर मागचा भाग सहा-सात इंच खाली बसतो, पण जू बैलाच्या मानेवरच राहते. गाडी उलाळ होते आणि जू वर उचलून गळ्याची जोती आवळतात. मग गाडीवान माल पुढे सरकवतो आणि उतारावर तोच भार मानेवर कोसळतो. यावर उपाय एकच, आसावर तेवढ्या उंचीची बैठक देणे. ते सुताराचे काम आहे, टायरच्या दुकानातले नव्हे.

पस्तीस इंचांवरून आठवले. परदेशात हौशी लोक छत्तीस इंची टायरची एकचाकी सायकल चालवतात. आपण ती सर्कशीत पाहिली ती लहान चाकाची. ही रस्त्याने मैलोगणती जाते. तिला अलीकडे कार्बन तंतूंची रीम बसवतात, कारण घेरावरचे वजन दुहेरी जड पडते: पुढे न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. परिघावरचा एक किलो, गती देताना दोन किलोंसारखा. आमच्या घाटातल्या शर्यतीचे गाडेवाले हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. सेकंदावर निकाल लागतो तिथे गाडा हलकाच हवा. (ही शर्यत सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू केली आणि १८ मे २०२३ रोजी तिचा कायदा वैध ठरवला.) कार्बनची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते, लोखंड वाकते; कार्बनला आतून तडा गेला तर बाहेर काही न दिसता ती एकदम फुटू शकते. म्हणून रीम बनवणाऱ्याने दिलेली हवेची मर्यादा तिथे ओलांडायची नसते.

ओझ्याची मर्यादा आपल्याकडेही आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांत दोन चाकी गाडी ओढणाऱ्या लहान बैलासाठी साध्या चाकावर ५००, हवेच्या टायरवर ७५० आणि बॉल बेअरिंग असेल तर १००० किलो असे आकडे आहेत. तीस मीटरला तीन मीटरहून जास्त चढण किलोमीटरभर असेल तर ते निम्मे होतात. आमच्या तालुक्यांत जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत आणि दर हंगामात बाहेरून ऊसतोड कामगार येतात. टायर हलका चालतो, म्हणून त्यावर ओझे वाढवण्याचा मोह सगळीकडेच होतो. आमच्या तालुक्यांबाहेर एका मुकादमाने दिलेली गाडी मी पाहिली. एका बाजूला नवा टायर, दुसऱ्याचे दोरे बाहेर आलेले. उतारावर जुना टायर फुटला, बैल गुडघ्यावर आला, त्याचा पाय मोडला. टायरची किंमत त्या जोडप्याच्या उचलीत मांडली गेली. बैलाची कुठेच मांडली गेली नाही. गाडी मुकादमाची, बैल त्यांचा, असा तो व्यवहार.

आम्ही दाद मागायला गेलो तेव्हा ओझे किती होते याला पुरावा काय, असे विचारण्यात आले. पुरावा त्या बाईच्या पदराच्या गाठीत होता. उसाची प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून जाते आणि भरलेल्या गाडीचा आकडा पावतीवर छापून येतो. तिच्याजवळ त्या आठवड्याच्या नऊ पावत्या होत्या.