चिखलाच्या वाटेला सायकलचे चाक कोणते?
— ऊस विकास अधिकारी



मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडच्या पाणंदी भरतात आणि वस्तीवरच्या मुलामुलींच्या शाळा-कॉलेजचा प्रश्न उभा राहतो. डांबरी सडक एक-दोन किलोमीटरवर असते. पण तिथवर पोचायचे तेवढेच अंतर अवघड. गेल्या काही वर्षांत घरोघर गिअरच्या, जाड टायरच्या 'माउंटन' सायकली आल्या. मुलांची हौस झाली. काही मुले सुट्टीत सह्याद्रीच्या डोंगरवाटाही फिरून येतात. ही चांगली गोष्ट आहे. तथापि एवढे पैसे घालून घेतलेली सायकल पावसाळ्यात पोराने खांद्यावर टाकून आणायची, ही तक्रारही सगळीकडे ऐकू येते.

सायकल वाईट नसते. बहुतेक वेळा तिचे चाक आणि टायर आपल्या मातीला जुळणारे नसतात. उसाची जात आपण जमीन पाहून लावतो, खताची मात्रा जमीन पाहून ठरवतो. टायरही जमीन पाहूनच घ्यायला पाहिजे. एखाद्या मुलीची सायकल चिखलात अडली की पावसाळाभर तिचे जाणे-येणे दुसऱ्याच्या मोटारसायकलवर अवलंबून राहते, आणि पुढे पुढे घरी राहणेच सोपे वाटू लागते. म्हणून हा विषय हौसेपुरता नाही.

आधी माती ओळखा

आपल्या नदीकाठची काळी भारी जमीन ही दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. कोरडी असताना ही माती टणक असते, पूर्ण पातळ झाली की वाहून जाते. पण या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ती गुळाच्या चिक्कीसारखी चिकटते. दोन सरींमध्ये चार तास उघडीप मिळाली की पाणंद सर्वांत वाईट होते, ती यामुळेच.

मुरमाड माळावर असे होत नाही. पाणी निचरून जाते, चाकाला फारसे काही धरत नाही. पण सुटी खडी पायाखालून सरकते. महाबळेश्वरकडची किंवा कोकणातली तांबडी माती काळ्या मातीइतकी फुगत नाही व चिकटतही नाही. तिथे भीती असते ती जांभ्या दगडावरच्या शेवाळाची आणि झाडांच्या ओल्या मुळांची. तीन जमिनी, तीन गरजा. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही.

रुंद टायर म्हणजे चिखलाचा टायर नव्हे

चार इंची जाड टायरची सायकल दिसायला दणकट. अशी सायकल वाळूसाठी व बर्फासाठी बरी, कारण तिथे खाली टणक थर नसतो व वरच्यावर तरंगत जावे लागते. आपल्या पाणंदीचे तसे नाही. वरचा चार-सहा बोटे चिखल सोडला तर खाली तुडवलेला टणक थर असतो. जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक आठवा. तिची लोखंडी धाव अरुंद. ती चिखल कापून खालच्या थराला टेकायची. सायकललाही तेच हवे.

आता वजनाचा हिशेब करू. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २ मीटर. त्यावर एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर बसला असे धरा. टायर दोन इंची, म्हणजे ५ सेंटिमीटर रुंद असेल तर ही माती झाली एक लिटर. ओल्या काळ्या मातीचे लिटरला पावणेदोन किलो धरले, तर दोन्ही चाकांची साडेतीन किलो. टायर चार इंची असेल तर सात किलो! आणि हे ओझे कॅरिअरवरच्या पिशवीसारखे नुसते वाहायचे नसते, प्रत्येक पायडलला फिरवायचे असते.

युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, ऐन थंडी-पावसात चिखलाच्या शेतातून सायकलच्या शर्यती होतात. त्यांना सायक्लोक्रॉस म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने तिथे टायर ३३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १.३ इंचापेक्षा, रुंद चालत नाही. एवढ्या अरुंद टायरवर ते गडी चिखल तुडवतात. अगदीच अडले तर सायकल खांद्यावर घेतात, ठरलेल्या ठिकाणी धुतलेली दुसरी सायकल घेऊन पुढे जातात.

आपल्यापुरते सांगायचे तर काळ्या जमिनीला पावणेदोन ते दोन इंची टायर बरा. मुरूम, खडी आणि डोंगरवाट जास्त असेल तर २.२ ते २.४ इंची घ्यावा. एक गोष्ट मात्र खरेदीआधीच लक्षात ठेवावी. चार इंची टायरच्या सायकलची रिमही तशीच रुंद असते. तिच्यावर नंतर दोन इंची टायर बसत नाही.

टायरची नक्षी

टायरवर रबराचे जे ठोकळे असतात त्यांच्यामधली जागा महत्त्वाची. ठोकळे जवळजवळ असले की मधे माती भरते आणि टायर गोटा होतो. मग नवा काय, जुना काय, सारखेच. चिखलासाठी ठोकळे उंच व विरळ हवेत, म्हणजे चाक फिरताना माती आपोआप झडते. कडेचे ठोकळे ठसठशीत असावेत; वळणावर धरून ठेवतात ते हेच.

मात्र असा टायर डांबरीवर जड चालतो व लवकर झिजतो. ज्याला एक किलोमीटर पाणंद आणि दहा किलोमीटर सडक आहे, त्याने मध्यम उंचीचे, पण विरळ ठोकळ्यांचे टायर घ्यावेत.

पैसे एकाच टायरचे असतील तर चांगला टायर पुढे घालावा. मागचे चाक घसरले तर माणूस सावरतो, पुढचे घसरले तर पडतो. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहूनच बसवावा.

हवा किती?

सायकल व स्वार मिळून ८० किलो वजन धरू. टायरमध्ये ६० पौंड हवा असेल तर दोन्ही टायर मिळून जमिनीला सुमारे १९ चौरस सेंटिमीटर टेकतात. ३० पौंड केली तर सुमारे ३८, म्हणजे दुप्पट. जितके टेकेल तितकी पकड. दगडासारखी टणक हवा भरायची सवय डांबरीवर ठीक, ओल्या वाटेवर तीच घसरवते.

दोन इंची, ट्यूबच्या टायरला ६५ किलोच्या माणसाने पुढे २६ ते २८ आणि मागे ३० ते ३२ पौंडांपासून सुरुवात करावी व अनुभवाने दोन-तीन पौंड कमी-जास्त करावे. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये. हवा फारच कमी असली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते व शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चर असे दिसले तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा आणखी कमी ठेवता येते, आणि आतल्या चिकट द्रवामुळे बाभळीचे बारीक काटे आपोआप बुजतात. पण हा द्रव काही महिन्यांत वाळतो, पुन्हा घालावा लागतो. रिमही त्यासाठीची हवी. ज्या गावात हे काम करणारा मेस्त्री नाही, तिथे चांगली ट्यूब आणि पंक्चरचे सामान जवळ असलेले बरे.

चाक व रिम

२२ इंची, २४ इंची सायकल असे आपण म्हणतो ते माप सांगाड्याचे. गिअरच्या सायकलचे २६, साडेसत्तावीस, २९ हे माप चाकाचे. मोठे चाक दगड-खड्डे सहज ओलांडते, पण लहान चणीच्या मुलाला ते आवरत नाही. त्याला २६ बरे.

टायर आणताना बाजूवरचे बारीक आकडे वाचा. ५०-५५९ लिहिले असेल तर ५० मिलिमीटर ही रुंदी आणि ५५९ हा रिमवर बसणारा व्यास. २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीसला ५८४ आणि २९ ला ६२२. '२६ × १ ३/८' असाही टायर मिळतो. त्याचा व्यास ५९०, तो या रिमवर बसत नाही. नुसते "सव्वीसचा द्या" म्हटले की फसगत होते.

रिम मिश्रधातूची घ्यावी. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की रबरी ब्रेक तिच्यावर धरत नाही. डिस्क ब्रेक असेल तर अधिक चांगले, कारण तो रिमवरच्या चिखलापासून दूर असतो. तारा ३२ किंवा ३६ असाव्यात व सारख्या ताणाच्या असाव्यात. एखादी तार ढिली राहिली की चाकाला आऊट येतो, आणि चिखलाने आधीच कमी झालेल्या फटीत टायर घासू लागतो.

बोट घालून पाहा

चिखलात सायकल अडते ती टायर आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत. दुकानात पुढच्या चिमट्याखाली आणि मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंनी बोट घालून पाहावे. करंगळी जात नसेल तर ती सायकल काळ्या जमिनीची नव्हे. टायर अर्धा इंच कमी रुंदीचा घातला तर दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच जागा मोकळी होते. असलेल्या सायकलला हा सर्वांत स्वस्त उपाय. टायरला चिकटून बसणारे मडगार्ड पावसाळ्यापुरते काढावे किंवा उंच बसवावे.

घरी आल्यावर चाके धुवा, पण मोटारीच्या पाइपची धार हबवर मारू नका. पाणी आत शिरते, ग्रीस जाते आणि छर्रे गंजतात.

खरेदीपूर्वी लक्षात ठेवा

१) वाट कोणत्या मातीची, व किती किलोमीटर.
२) काळ्या मातीला दोन इंचांपर्यंतचा टायर, ठोकळे विरळ.
३) फटीत करंगळी गेली पाहिजे.
४) टायरचे आकडे रिमशी जुळले पाहिजेत.
५) हवा मोजून भरावी, अंगठ्याने दाबून नव्हे.

टायर बदलायचे काम रोहिणी नक्षत्रातच उरकून घ्यावे. पाऊस लागल्यावर मेस्त्रीकडे रांग असते. वापसा आल्याशिवाय जवळची वाट म्हणून दुसऱ्याच्या लागणीतून सायकल घालू नये. ओल्या रानात उमटलेला चाकोरा पुढे दगड होतो व पाणी अडवतो.

शेवटी एक. टायर कितीही चांगला असला तरी तुंबलेल्या पाणंदीतून तो फार काळ वाचवू शकत नाही. पाणंदीलगतच्या सभासदांनी पावसाआधी एक दिवस मिळून कडेची चर उघडली, बुजलेली मोरी मोकळी केली, तर पाणी निघून जाते आणि खालचा टणक थर शाबूत राहतो. त्या एका दिवसाच्या श्रमाने आपली पोरं पावसाळाभर शाळेला पोचतील, आणि पुढे गळितात उसाच्या गाड्याही त्याच वाटेने सुखरूप बाहेर पडतील.