लिनिया घ्यावी का? संशोधन प्रश्न मांडण्याचा एक सराव



'पेट'ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "सर, टॉपिक कसा निवडायचा?" मी अजून सर झालेलो नाही, चौथ्या वर्षाचा विद्यार्थीच आहे. पण या प्रश्नाबद्दल गेल्या महिन्यात एका जुन्या गाडीनं मला बरंच शिकवलं. आज तोच किस्सा सांगतो आणि त्यातली पद्धत जरा उलगडून बघू.

झालं असं, की सात महिन्यांची फेलोशिप एकदम खात्यात आली. महिना ४२,००० प्रमाणे २,९४,००० रुपये. एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. त्याच आठवड्यात लातूरच्या एका ओळखीच्या माणसानं गाडीचे फोटो पाठवले. फियाट लिनिया टी-जेट, २०१० ची, मरून रंग, मागणी २,४०,०००. दोन रात्री मी थिसिसचा एक ग्राफसुद्धा काढला नाही, नुसते फोटो बघत बसलो. रूममेट म्हणाला, "काय बघायलास रे रोज रोज? घ्यायची तर घे, नाहीतर झोप."

घ्यायची की नाही, हे ठरवायला मी शेवटी वही काढली.

१. प्रश्न नेमका काय आहे?

मी पहिल्या पानावर लिहिलं होतं, "लिनिया चांगली गाडी आहे का?" हा प्रश्न संशोधनाला निरुपयोगी आहे. चांगली म्हणजे काय? कोणासाठी? किती वर्षं? आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये "अमुक वनस्पतीचा अभ्यास" असं शीर्षक येतं, त्याच जातीचा हा प्रश्न.

तीन वेळा खोडून शेवटी असं लिहिलं: "विष्णुपुरीला विद्यापीठात राहणाऱ्या, दीड वर्षानं फेलोशिप संपणाऱ्या आणि महिन्यातून दोनदा नांदेडहून लातूरला घरी जाणाऱ्या माणसाला २०१० ची टी-जेट पुढची तीन वर्षं सांभाळणं जमेल का?"

आता प्रश्नाला माणूस, जागा, मुदत आणि मोजमाप आलं. गाडी तीच, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसासाठी उत्तर वेगळं येऊ शकतं. प्रश्न असा बांधला की उत्तर कोणाला लागू आणि कोणाला नाही, हेही आपोआप ठरतं.

२. आधी काय माहीत आहे?

याला आपण लिटरेचर रिव्ह्यू म्हणतो. लिनिया भारतात २००९ च्या सुरुवातीला आली. ती पुण्याजवळ रांजणगावला, फियाट आणि टाटा मोटर्सच्या संयुक्त कारखान्यात बनायची. टी-जेट आली २०१० मध्ये. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ पीएस ताकद, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. त्या काळात आपल्याकडे या किमतीच्या सेडानमध्ये टर्बो पेट्रोल हा प्रकार दुर्मीळच होता. दिसायला देखणी, स्टिअरिंग वजनदार, रस्त्यावर बसकी आणि घट्ट. इटालियन स्पोर्ट सेडानची हौस मध्यमवर्गीय पैशात भागवायची तर ही गाडी सगळ्यात जवळची.

पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्याआधीच लिनियाचं उत्पादन थांबलं होतं आणि फियाट नावाच्या नव्या गाड्या इथं मिळेनाशा झाल्या. रांजणगावला आता त्याच समूहाची जीप बनते.

एक बारकावा इथं लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिनियाच्या डिझेलमध्ये १.३ मल्टिजेट इंजिन होतं. तेच इंजिन स्विफ्ट, डिझायर अशा कितीतरी गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी बसलं. त्यामुळं ते उघडता येणारा मिस्त्री लोहा-अहमदपूरलाही सापडतो. टी-जेट इंजिन मात्र लिनिया आणि नंतरच्या मोजक्या फियाट गाड्यांतच आलं. बॉनेटवर नाव एकच, पण मिस्त्रीच्या हिशेबानं या दोन वेगळ्या गाड्या आहेत. "लिनिया" हा एक गट धरून सरासरी काढली असती तर हा फरक बुजून गेला असता.

घरी फोन केला तेव्हा अण्णा म्हणाले, "फियाट होय? आपल्या डॉक्टरसायबाची होती की. कुटंबी दुरुस्त व्हायची." ते बोलत होते प्रीमियर पद्मिनीबद्दल. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, फियाट ११०० च्या घराण्यातली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली. तिच्या शेवटच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरल्या. अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पद्मिनी कुठंही दुरुस्त व्हायची, कारण ती सगळीकडं होती. प्रत्येक मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला होता. म्हणजे गाडीचा टिकाऊपणा गाडीत असतो तसा तिच्या भोवतालच्या माणसांत आणि दुकानांतही असतो. माझ्या वहीत हा व्हेरिएबल नव्हताच, अण्णांच्या एका वाक्यामुळं आला.

३. मी विचारलं कोणाला?

ओळखीतून पाच लिनियावाल्यांचे नंबर मिळवले. पाचही जण गाडीच्या प्रेमात. एक जण तर म्हणाला, "सर, ही गाडी विकायची नसते."

पाचपैकी पाच! मी खूश झालो. रात्री लक्षात आलं, की पाचही जणांकडं गाडी अजून आहे. ज्यांना ती जमली नाही त्यांनी ती कधीच विकली असणार, आणि त्यांचा नंबर माझ्या यादीत येणारच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्यासमोर असाच प्रश्न होता. लढाईहून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठं आहेत, याची माहिती उपलब्ध होती. पण जी विमानं परतलीच नाहीत त्यांची माहिती नव्हती. परतलेल्या विमानांत ज्या भागावर भोकं कमी दिसतात, तो भाग सुरक्षित असेलच असं नाही. तिथं गोळी लागलेलं विमान कदाचित परतलंच नसेल. (वाल्ड यांचा मृत्यू १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीत झालेल्या विमान अपघातात झाला.) याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. पाठ्यपुस्तकात मी तो दहा वेळा वाचलाय, तरी स्वतःच्या यादीत दिसायला एक रात्र गेली.

मग गाडी विकून टाकलेले दोघे शोधले. दोघांनीही गाडीला नावं ठेवली नाहीत. एक जण म्हणाला, "गाडी एक नंबर होती. पण माझा मिस्त्री पुण्यात आणि मी नांदेडात. दरवेळी साडेचारशे किलोमीटर कोण जाणार?" माझ्या प्रश्नासाठी हे एक वाक्य त्या पाच फोनपेक्षा जास्त कामाचं होतं.

४. विकणाऱ्याला जास्त माहीत असतं

जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० चा 'लेमन्स'चा पेपर जुन्या गाड्यांच्या बाजारावरच बेतलेला आहे. अमेरिकन बोलीत 'लेमन' म्हणजे फसवी, खराब निघालेली गाडी. युक्तिवाद साधा आहे. गाडीची खरी हालत विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी हालत धरून भाव करतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो. उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी घसरते, मग भाव आणखी पडतो. हा पेपर तीन जर्नलांनी नाकारला होता, आणि २००१ मध्ये याच कामासाठी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रिजेक्शन मेल आली की हे आठवा.

यावर उपाय म्हणजे अशा खुणा शोधायच्या, ज्या खोट्या तयार करणं महाग पडतं. "एकदम कंडिशनमध्ये आहे" हे वाक्य फुकट असतं. दहा वर्षांच्या सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल फुकट होत नाही.

५. एक चक्कर मारून किती कळतं?

लातूरला गेलो. औसा रोडवर पंधरा मिनिटं गाडी चालवली. काय सांगू! दुसऱ्या गिअरला टर्बो जागा झाला आणि माझी सगळी वही डोक्यातून उडाली.

आता इथं गणित करू. आकडे मी समजण्यासाठी गृहीत धरलेत, ते कुठल्या सर्व्हेतले नाहीत. समजा, अशा १०० जुन्या गाड्यांपैकी ३० मध्ये मोठा खर्च दडलेला आहे. छोट्या चक्करमध्ये चांगली गाडी ९० टक्के वेळा 'पास' होते. खराब गाडीही ५० टक्के वेळा पास होते, कारण इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असतं आणि थंड इंजिनची लक्षणं लपून जातात.

७० चांगल्यांपैकी ६३ पास. ३० खराबांपैकी १५ पास. पास झालेल्या ७८ गाड्यांत १५ खराब, म्हणजे सुमारे १९ टक्के. चक्कर मारण्याआधी जोखीम ३० टक्के होती, नंतर १९ झाली. माझ्या मनात मात्र ती शून्य झाली होती.

आता चाचणी कडक करा. सकाळी थंड इंजिन चालू करायचं, स्कॅनर लावायचा, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची. समजा, यात खराब गाडी फक्त २० टक्के वेळा निसटते आणि चांगली पूर्वीसारखीच पास होते. मग पास होणार ६३ अधिक ६, आणि जोखीम ६ भागिले ६९, म्हणजे सुमारे ९ टक्के. चाचणी किती सुखद वाटली याला महत्त्व नाही. खराब गाडी तिच्यात किती वेळा पकडली जाते, ते बघायचं. तुमच्या प्रयोगातल्या कंट्रोललाही हाच निकष लावा.

६. आधी लिहिलेला कागद

सुदैवानं लातूरला निघण्याआधी मी एका कागदावर तीन अटी लिहून रूममेटकडं दिल्या होत्या. यातली एक जरी तुटली तर गाडी घ्यायची नाही:

- टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती हवी. टी-जेटमध्ये चेन नसून बेल्ट आहे, आणि तो चालत्या इंजिनमध्ये तुटला तर इंजिनचं मोठं काम निघू शकतं.
- टी-जेटचं इंजिन आधी उघडलेला मिस्त्री नांदेड किंवा लातुरात हवा.
- गाडी घेऊन, नावावर करून, लगेचची कामं उरकून हातात किमान एक लाख उरायला हवेत. फेलोशिप संपल्यावर थिसिस जमा होईपर्यंतचे महिने त्यावरच काढायचे आहेत.

निकाल असा. पावती नव्हती. मालक भला माणूस, म्हणाला, "बदललाय, पण कागद सापडत नाही." लातुरात एक मिस्त्री भेटला, त्यानं पूर्वी एक टी-जेट उघडली होती, म्हणून दुसरी अट कशीबशी पास. तिसरीचा हिशेब तर साधा होता: २,९४,००० मधून २,४०,००० गेले की उरतात ५४,०००. शिवाय गाडीची १५ वर्षं भरत आलेली, म्हणजे फिटनेस तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करणं लगेच दारात उभं.

तरी मी काय केलं असेल? परतीच्या एसटीत चाकूरच्या पुढं रूममेटला फोन लावला. "बेल्ट नवीनच टाकून घेऊ, मग पावतीची काय गरज? आणि एक लाख म्हणजे जरा जास्तच लिहिलं होतं. पन्नास हजारही पुरतील."

तो म्हणाला, "कागद तूच लिहिलास ना? मग आता कशाला बदलायलास?"

डेटा बघून झाल्यावर निकष बदलणं, हे आपण पेपरमध्ये दुसऱ्यानं केलं की लगेच पकडतो. मी तेच करत होतो, तेही पूर्ण प्रामाणिकपणे, स्वतःला पटवून. प्री-रजिस्ट्रेशन यासाठीच असतं. जगाला फसवू नये म्हणून जेवढं, त्याहून जास्त स्वतः फसू नये म्हणून.

गाडी घेतली नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पुण्यात राहणारा, घरात दुसरी गाडी असलेला, ओळखीचा मिस्त्री असलेला कोणी असेल आणि पावत्यांची फाइल मिळाली, तर त्यानं जरूर घ्यावी. माझं उत्तर माझ्या प्रश्नापुरतं आहे.

७. मग टॉपिकचं काय?

टॉपिकही असाच दिसतो आधी. देखणा, नवा, परदेशी पेपरांत चमकणारा. त्यावर पीएच.डी. झालेले लोक भेटतात आणि सगळे छान सांगतात. ज्यांनी तो अर्ध्यात सोडला ते भेटत नाहीत, त्यांना मुद्दाम शोधा. उपकरण बिघडलं तर दुरुस्त करणारा किती लांब आहे, ते विचारा. माझ्या ओळखीत एकाचं आयात केलेलं उपकरण एका बोर्डासाठी कितीतरी महिने बंद होतं. टॉपिक उत्तम होता, तो आजही उत्तमच आहे.

म्हणून गाइडला भेटायच्या आधी एक कागद घ्या. "कोणत्या तीन गोष्टी दिसल्या तर मी हा टॉपिक घेणार नाही" हे त्यावर लिहा, तारीख टाका आणि तुमचं तोंडावर ऐकवणाऱ्या एका मित्राकडं देऊन ठेवा.

पुढच्या लेखात सिनॉप्सिसमधला 'उद्दिष्टे' हा भाग कसा लिहायचा ते बघू.