वाकतं ते ताणतंच असं नाही

विसरवाडीत सुरत–धुळे महामार्गालगत मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर थांबलात, तर टेबलावर पिवळट-तपकिरी पट्ट्या पडलेल्या दिसतील. दुकानदार त्यांना ‘फ्लेक्स’ म्हणतात. प्लास्टिकमधून करंट जातो, असं गिऱ्हाईक बिनधास्त ठोकून देतं. करंट जातो तो पट्टीतल्या तांब्याच्या रेषांतून. प्लास्टिक फक्त त्यांना धरून ठेवतं.

ही पट्टी बोटाला गुंडाळा, मजेत वळेल. ओढलीत तर लांबणार नाही, तुटेल. वाकणं आणि ताणणं एकच, ही समजूत इथेच गळून पडते. ०.१ मिमी जाडीची पट्टी ५ मिमी त्रिज्येत वळवली, तर तिची बाहेरची बाजू जेमतेम १ टक्का ताणली जाते. सांध्यावरची कातडी ३० टक्क्यांच्या आसपास ताणते. तिच्यावर चिकटवायच्या सर्किटचं काम म्हणूनच अवघड.

खरोखर वीज वाहणारं प्लास्टिकही आहे. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीनमध्ये आयोडीन मिसळून ते दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. अशा रेणूंच्या साखळीत एकेरी-दुहेरी बंध आलटूनपालटून असतात. त्यामुळे वीज वाहते, पण साखळी ताठही होते. प्लास्टिक म्हणजे रबरासारखं ताणणारच, असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते: साखळ्या फार शिस्तीत रचलेली फिल्म, म्हणजे अशा प्लास्टिकचा पातळ थर, थोड्याच ताणाने तडकते.

ताणताना बंध लांबतात, असंही नाही. खानदेशात कापसाचं उदाहरण पुरेसं आहे. पेळू हळूच ओढा: गुंतलेले तंतू सरळ होतात, ओढीच्या दिशेने वळतात, एकमेकांवरून सरकतात. आखूड धाग्याचा पेळू चटकन तुटतो, लांब धाग्याचा तग धरतो. या साखळ्यांचंही तसंच. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि फिल्म सावरतात. ताणल्यावर विजेचं वहन घटतंच असं नाही. साखळ्या एका दिशेला लागल्या, तर त्या दिशेने ते वाढूही शकतं, आडव्या दिशेने मात्र घटतं.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने असा पॉलिमर, म्हणजे साखळीदार रेणूंचा पदार्थ, रबरी पदार्थात अतिसूक्ष्म धाग्यांच्या जाळ्यासारखा पसरवला. फिल्म दुप्पट लांब ताणली तरी विजेचं वहन टिकलं.

ताण सोडला की सगळं पूर्ववत होतं, हेही सरसकट खरं नाही. पातळ कॅरीबॅग अंगठ्याने ताणा. तो भाग पांढुरका, पातळ होतो आणि तसाच राहतो. रबरावर बसवलेल्या साध्या फिल्मचंही तेच: खालचं रबर आक्रसतं, लांबलेल्या फिल्मला सुरकुत्या पडतात. पुढच्या वेळी ओढलं, की आधी त्या सुरकुत्याच उलगडतात.