८२ सीसीसाठी

सकाळी ८.१०
कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शटर अर्धं वर. मिस्त्री वाकून आत जातात, उदबत्ती लावतात, मग ट्यूबलाइट. साठी ओलांडलेले, गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. शेडमध्ये प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. बोनेट उतरवलेलं, पुढचा खण रिकामा. जुनं इंजिन काल काढलं, ते भिंतीकडेला टायरवर ठेवलंय. शेजारी गोणपाटावर आज बसवायचं इंजिन, गिअरबॉक्ससकट. भंगारातून तीस हजारांना आणलेलं.

८.३०
बारक्या आला. रोज साडेपाचशे. आल्याआल्या डिझेलचा ट्रे घेऊन नटबोल्ट धुवायला बसतो. कालचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत आहेत, डब्यांवर खडूच्या खुणा. या बाबतीत मामा कडक. बोल्ट पंधरा रुपयांचा. पण तसलाच दुसरा शोधण्यात सकाळ जाते.

९.००
गाडीचे मालक निवृत्त मास्तर, साखरप्याकडचे. आज एसटीनं आंबा घाट चढून आलेत. हाच घाट पद्मिनीला जड जायचा. वर पोचेपर्यंत काटा लालवर, मग बोनेट उघडून अर्धा तास थांबायचं.
“जुनंच पुन्हा करता आलं नसतं का, मामा?”
“दोनदा बोअरिंग झालंय, सर. तिसऱ्यांदा पिस्टन कुठनं आणू?”

नवं इंजिन म्हणजे तरी किती नवं? प्रीमिअर ११८ एनई १९८५ साली आली, तिचं हे. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं, ए-१२. पद्मिनीचं १०८९ सीसी, हे ११७१. ताकद चाळीसेक हॉर्सपॉवरवरून बावन्नच्या घरात जाते. जुन्यात पिस्टनचा व्यास ६८ मिलिमीटर आणि धाव ७५. यात ७३ आणि ७०. म्हणजे रुंद आणि आखूड, फिरायला मोकळं. जुन्या क्रँकला तीन बेअरिंगांचा आधार, याला पाच. मामा मात्र यातलं काही बोलत नाहीत. “घाटात गप चढंल,” एवढंच.

मास्तर ब्लॉकवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात. छाप उमटतो. तो आरटीओसाठी. एकदा इंजिन आत गेलं की तिथं हात पोचत नाही.

१०.१५
चेनब्लॉक गर्डरला. इंजिनाला साखळी अशी बांधतात की गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकेल. बारक्या साखळी ओढतो, कडी-कडीनं. मामा खणात वाकून एका हातानं इंजिन ढकलतात, दुसरा हात फायरवॉलवर. “थांब. सोड. अजून. थांब म्हटलं की रं!” गिअरबॉक्स बोगद्यात शिरतो. मग अडतो. खाली ऑइलचा चेंबर स्टिअरिंगच्या दांड्याला टेकलाय. पुन्हा वर. इंजिन दोन सूत मागं घेतलं तर दांडा सुटतो, पण मागची बाजू फायरवॉलला लागते. पत्र्यावर लाकडी ठोकळा धरून घण. पत्रा बसतो, रंगाचे पोपडे उडतात. मास्तर तोंड फिरवतात.

११.४०
खरं काम आता. इंजिन अजून साखळीलाच लटकलेलं, आणि फाउंडेशन जुळत नाहीत. कंपनीनं ठेवलेली भोकं एका जागी, या इंजिनाचे कान दुसऱ्याच जागी. मामा पुढून-मागून ओळंबा सोडतात, जमिनीवर दोरा ताणतात, खडूनं रेघ मारतात. इंजिन त्या रेघेवर हवं, आणि किंचित मागं उतरतं. हे चुकलं तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो, क्रॉस महिन्यात तुटतो. पुठ्ठ्याचा साचा कापतात. त्यावरून आठ मिलिमीटरच्या पट्टीचे दोन ब्रॅकेट. वेल्डरला शेजारच्या शेडमधून हाक. त्याआधी बॅटरीची वायर सोडतात. नुसते टॅक. पुन्हा मोजणं. एक टॅक छन्नीनं तोडून अर्धा सूत सरकवला. मगच पक्कं वेल्डिंग. वेल्डरचे सहाशे, कुणी न सांगताच मामांनी ते पाचशे करून घेतले.

माझ्या मते अख्ख्या दिवसातला कसबाचा तास हाच. पैसे सगळ्यात कमी याचेच दिसतात, कारण बिलात ‘फाउंडेशन’ अशी एकच ओळ येते.

१.३०
भाकरी, खर्डा, कांदा. मास्तरांनाही ताट.

२.१५
पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगवर. या गिअरबॉक्सचा दांडा फ्लोअरमधून वर येतो. बोगद्याला भोक पाडावं लागतं. ग्राइंडरच्या ठिणग्या, जळक्या कार्पेटचा वास. पुढची सीट सलग, दांडा तिला घासतो. नात मध्ये बसायची, मास्तर सांगतात. आता तिथं कुणाला बसता येणार नाही.

प्रोपेलर शाफ्ट बारक्या सायकलवरून लेथवाल्याकडे नेतो. कापणं, जोडणं, बॅलन्सिंग: बावीसशे. इंजिनाचा पंखा रेडिएटरला टेकतोय. तो काढून मारुतीचा जुना इलेक्ट्रिक पंखा, नऊशे. पाण्याचे पाइप दोन मापांचे, मधे टर्नरनं केलेला तुकडा. साडेतीन लिटरचा ऑइलचा कॅन.

४.५०
प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवतात, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग. वायरी १-३-४-२, जुन्यासारख्याच. पेट्रोल बाटलीतून. तिसऱ्या सेल्फला इंजिन उठतं. सायलेन्सर नाही, त्यामुळे गल्लीभर कळतं. समोरचा टर्नर लेथ बंद करून येतो, ऐकतो, “टॅपिट वाजतंय,” म्हणतो आणि परत जातो. मामा फिलर गेज काढतात.

६.२०
गाडी शेडमधल्या शेडमध्ये पुढं-मागं. क्लच धरतो, गिअर पडतात. ब्रेक? चारही चाकांना जुने ड्रमच. मामांनी नवे लायनर सुचवलेत. मास्तर पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. हे मला पटलेलं नाही. ताकद वाढवायची आणि थांबायचं मागं ठेवायचं, हा हिशेब घाटात उलटतो. आधी लायनर, मग सायलेन्सर.

७.१५
बारक्याला साडेपाचशे रोख. मामांचं काम अंगावर घेतलेलं, वीस हजार. दिवस कितीही लागोत. वायरिंग, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सर बाकी आहे.

आणि कागद. आरसी बुकात इंजिन नंबर जुना, सीसी १०८९. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी आधी मागतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय की गाडी कंपनीनं ठरवलेल्या तपशिलापासून ढळता कामा नये. मास्तरांनी अर्ज आत्ता कुठं दिलाय. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, भंगारवाल्याकडे नंतर जा. उत्तर येईस्तोवर ही पद्मिनी शेडमध्येच राहील. जागेचं भाडं रोज शंभर रुपये, मास्तरांच्या खात्यावर.